लेझर सगळ्यात शेवटी: पिंपलच्या खड्ड्यांची एक पूर्ण केस

पेशंट 34 वर्षांची, मैदानावर मुलांना धावणं शिकवणारी कोच, म्हणजे सकाळ-संध्याकाळ उन्हात उभं राहणं हेच काम. रंग सावळा, फिट्झपॅट्रिकच्या 1 ते 6 या मोजपट्टीवर साधारण 5. शाळा-कॉलेजच्या वयात भयंकर पिंपल्स, मग त्यांचे खड्डे, आणि आता डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्यासुद्धा. पण माझ्याकडे आली ती खड्ड्यांसाठी नाही, दुसरीकडे केलेल्या लेझरनंतर दोन्ही गालांवर उमटलेल्या तपकिरी ठिपक्यांसाठी. एकसारख्या अंतरावरचे, ओळीत, मशीनच्या टोकाचा अक्षरशः शिक्का उमटलेला. आणि आल्याआल्या म्हणाली काय, तर "डॉक्टर, तिथे पॉवर कमी लावली म्हणून खड्डे भरले नाहीत, तुम्ही जरा जास्त लावा."

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, वैद्यकीय भाग आहे तसाच.)

तिच्याकडे आधीच्या सेशनचा कागद होता, त्यावर सेटिंग्ज लिहिलेली होती, हे खरंतर नशीबच, बऱ्याच जणांकडे बिलाशिवाय काही नसतं. फ्रॅक्शनल सीओटू, म्हणजे त्वचेत सुटे बारीक रकाने पाडणारा कार्बन डायऑक्साइड लेझर, एनर्जी मध्यम, पण घनता (रकान्यांची दाटी) बरीच जास्त आणि गालांवर दोन पास, म्हणजे त्याच जागेवरून मशीन दोनदा फिरवलेलं. म्हणजे पॉवर कमी होती हा तिचा समज कागदावरच खोटा ठरत होता, गरजेपेक्षा जास्त उष्णता आधीच देऊन झाली होती. खड्डे तरीही होते तिथेच होते, आणि त्याचं कारण मशीनमध्ये नव्हतं, खड्ड्यांच्या जातीत होतं. ही केस लिहायला घेतली ती मुख्यतः यासाठी.

आधी मशीन काय करतं ते

सीओटू लेझर कुमार पटेल यांनी 1964 साली बेल लॅब्जमध्ये शोधला. त्याची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर, आणि हा प्रकाश पाणी शोषून घेतं. त्वचेत पाणी भरपूर, त्यामुळे किरण पडला की तिथला थर क्षणात वाफ होऊन उडतो आणि आजूबाजूला थोडी उष्णता मुरते. त्या मुरलेल्या उष्णतेने जुनं कोलॅजन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) आकसतं आणि शरीर जखम समजून नवीन कोलॅजन बनवायला लागतं. खड्डा थोडा वर येणं, सुरकुती थोडी पुसट होणं, हे सगळं त्या नव्या कोलॅजनचं काम. लेझर खड्डा "भरत" नाही, तो जखम करतो आणि बाकीचं शरीर करतं, आणि शरीर ते 3 ते 6 महिने, कधीकधी त्याहून जास्त काळ, आपल्या गतीने करत राहतं.

अर्बियम याग हा दुसरा लेझर, 2940 नॅनोमीटरचा. पाण्यात तो सीओटूपेक्षा दहापटीहून जास्त शोषला जातो म्हणून वरवर साफ कापतो आणि आजूबाजूला कमी भाजतो, पण त्याच कारणाने रक्त जास्त येतं आणि त्वचा आवळण्याचा परिणाम कमी मिळतो.

1990 च्या दशकात सीओटूने अख्ख्या चेहऱ्याचा वरचा थर उडवायची पद्धत होती. रिझल्ट जबरदस्त यायचे यात वाद नाही, पण चेहरा आठवडा-दोन आठवडे उघड्या जखमेसारखा, लाली महिनोन्‌महिने, आणि काही जणांना 6-12 महिन्यांनी कायमचा पांढरेपणा. मग 2004 मध्ये मॅनस्टीन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली, म्हणजे सगळी त्वचा न जाळता त्यात केसाच्या जाडीचे खोल उभे रकाने करायचे आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची, त्या शाबूत भागातून पेशी सरकून येतात आणि जखम पटकन भरते. किती टक्के त्वचेवर रकाने पडले ती घनता, आणि एक रकाना किती खोल गेला ते एनर्जीवर ठरतं. पेशंट ज्याला सरसकट "पॉवर" म्हणतात त्यात या दोन गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात.

सावळ्या त्वचेत डाग पडण्याशी जास्त संबंध घनतेचा आहे. खोल पण विरळ रकाने बऱ्यापैकी सहन होतात, दाट रकाने मारले की मधल्या शाबूत त्वचेला गार व्हायला जागाच राहत नाही, सगळीकडे उष्णता साचते, रंग बनवणाऱ्या पेशी चिडतात आणि तीन-चार आठवड्यांनी डाग वर यायला लागतात. तीन-चार आठवड्यांनी हे लक्षात ठेवा, कारण पहिल्या दहा दिवसांत चेहरा छान दिसतो, फॉलोअपचा फोटो तेव्हाच घेतला जातो, आणि डाग येतात तेव्हा पेशंट घरी असतो.

तपासणी

समोरून लाइट टाकून खड्डे बघण्यात अर्थ नसतो, सपाट उजेडात निम्मे दिसतच नाहीत. खोलीतले दिवे बंद करून बाजूने तिरका उजेड टाकला आणि मग बोटांनी गाल ताणून बघितला. गुडमन आणि बॅरन यांची 2006 ची ग्रेडिंग आहे, सोपी आहे आणि वापरायला बरी पडते. ग्रेड 1 म्हणजे फक्त रंगाचा फरक. ग्रेड 2 म्हणजे जवळून दिसणारे, मेकअपने झाकले जाणारे खड्डे. ग्रेड 3 म्हणजे 50 सेंटिमीटरवरूनही दिसतात पण त्वचा ताणली की सपाट होतात, आणि ग्रेड 4 म्हणजे ताणूनही सपाट होत नाहीत. हिचे गाल ग्रेड 3, कानशिलं ग्रेड 4.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रकार. गालांवर बहुतेक रोलिंग, म्हणजे रुंद, उथळ, कडा नसलेले, लाटांसारखे. गादीला टाके घातल्यावर दोऱ्याने ओढून जसा खड्डा पडतो तसंच हे असतं, त्वचेखाली तंतूंचे पट्टे असतात आणि ते वरच्या त्वचेला खाली बांधून ठेवतात. आता गादीचा वरचा कपडा कितीही बदला, खालचा टाका जोवर तोडत नाही तोवर खड्डा तिथेच. तिच्या पहिल्या लेझरने नेमकं हेच केलं होतं, वरच्या कपड्यावर मेहनत. नाकाजवळ आणि गालाच्या आतल्या बाजूला दहा-बारा आइसपिक, 2 मिलिमीटरपेक्षा अरुंद पण सुईने टोचल्यासारखे खोल, फ्रॅक्शनल लेझरचा रकाना त्यांच्या तळापर्यंत पोचतच नाही. आणि कानशिलांवर बॉक्सकार, उभ्या कडांचे. बॉक्सकार उथळ असतील तर लेझर चांगलं काम करतो, खोल असतील तर नाही.

म्हणजे एका चेहऱ्यावर तीन प्रकारचे खड्डे, आणि त्यातल्या फक्त काहींना लेझर लागू.

विचारपूस करताना दोन गोष्टी निघाल्या ज्या आधीच्या कागदावर कुठेच नव्हत्या. एक, ताप आला किंवा फार ऊन लागलं की ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात, म्हणजे हर्पिस. चेहऱ्यावर लेझर झाल्यावर हा व्हायरस जागा होऊ शकतो आणि ताज्या सोललेल्या त्वचेवर पसरला तर नवीन व्रण देऊन जातो, म्हणून अशा पेशंटला अँटिव्हायरल गोळ्या आदल्या दिवसापासून त्वचा पूर्ण भरेपर्यंत चालू ठेवायच्या असतात. पहिल्या वेळी तिला काही झालं नाही हे दैव. दुसरं म्हणजे डाग दिसायला लागल्यावर तिने मैत्रिणीच्या सांगण्यावरून "गोरेपणाची" म्हणून मिळणारी क्रीम रात्री लावायला सुरुवात केली होती. ट्यूब मागवून बघितली तर त्यात स्टेरॉइड. रंग उजळल्यासारखा वाटतो, पण त्वचा पातळ होते, केसांसारख्या लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पिंपल्स परत येतात, आणि बंद केली की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, मग माणूस घाबरून पुन्हा लावतो. हिच्या हनुवटीवर बारीक पुरळ दिसत होती ती यामुळेच.

आयसोट्रेटिनॉइनचा, म्हणजे पिंपल्सवरच्या गोळ्यांचा, कोर्सही तिने चार महिन्यांपूर्वी संपवला होता आणि कुणीतरी तिला घाबरवून ठेवलं होतं की सहा महिने चेहऱ्याला हातसुद्धा लावायचा नाही. हा नियम जुना आहे. 2017 मध्ये तज्ज्ञांच्या गटाने उपलब्ध पुरावे तपासून सांगितलं की फ्रॅक्शनल लेझरसारख्या प्रोसिजरसाठी सहा महिने थांबवण्याइतका आधार नाही, मात्र अख्ख्या चेहऱ्याचं पूर्ण अब्लेटिव्ह रिसर्फेसिंग (वरचा थर सगळाच उडवणं) किंवा मशीनने केलेलं डर्माब्रेजन (त्वचा घासून काढणं) टाळावं. तिला हे सांगितल्यावर ती खूश, "मग पुढच्या आठवड्यात करू या का?"

नाही म्हटलं. चेहऱ्यावर चालू डाग, चालू पुरळ आणि स्टेरॉइडने पातळ झालेली त्वचा असताना लेझर लावायचा म्हणजे परत तेच करायचं, आधीपेक्षा वाईट.

थांबण्याचे महिने

हा भाग लिहायला कंटाळवाणा आणि पेशंटला तर त्याहून कंटाळवाणा, पण केस इथेच सुधारली असं माझं मत आहे.

स्टेरॉइड क्रीम बंद. जळजळ होणार हे आधीच सांगितलं होतं म्हणून ती टिकली, नाहीतर दोन आठवड्यांत सुटली असती. साधं मॉइश्चरायझर, सौम्य फेसवॉश, रात्री अझेलिक ॲसिड, ते पिंपल्स आणि डाग दोन्हीवर चालतं. पुरळ बसल्यावर डागांसाठी हायड्रोक्विनोन, तेही ठरावीक मुदतीसाठी आणि देखरेखीखाली, कारण वर्षानुवर्षं लावलं तर त्याचा स्वतःचाच निळसर-काळा रंग त्वचेत बसू शकतो.

आणि सनस्क्रीन. ती लावायची की, रोज, पण किती? वाटाण्याएवढं. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब रेघ ओढून होतं तेवढं लागतं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. मैदानावर घामाने ते टिकत नाही ही तिची अडचण खरी होती, म्हणून घामात टिकणारं एसपीएफ 50, वर रुंद काठाची टोपी, आणि जमेल तितके सराव सकाळी लवकर. शिवाय सनस्क्रीन रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं घ्यायला सांगितलं, कारण सावळ्या त्वचेत डाग वाढवायला नुसते यूव्ही किरण नाही तर डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही पुरेसा असतो, आणि बिनरंगी सनस्क्रीन तो अडवत नाही. हे ऐकून ती म्हणाली, "मग आधीच्या डॉक्टरांनी हे का नाही सांगितलं?" मी दुसऱ्यांच्या क्लिनिकबद्दल बोलत नाही, तेव्हाही बोलले नाही.

डाग तपकिरी होते, म्हणजे रंग वरच्या थरात होता. राखाडी-निळसर असते तर खोल गेलेले म्हणायचे आणि मग वर्ष-वर्ष लागतं. हिचे साधारण चार महिन्यांत बऱ्यापैकी फिकट झाले.

तोपर्यंत रिकामे बसलो नव्हतो. पुरळ बसली आणि त्वचा सावरली तसं सबसिजन केलं. भूल देऊन त्वचेखालून सुई किंवा कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची बारीक नळी, घालायची आणि ते बांधून ठेवणारे पट्टे आडवे फिरवून तोडायचे. हाताला कट्कट् तुटल्याचं जाणवतं, पेशंटला कानाजवळ आवाजही येतो आणि तो आवाज दुखण्यापेक्षा जास्त घाबरवतो, म्हणून आधी सांगून ठेवलेलं बरं. कानशिलाजवळ आणि जबड्याच्या कडेला चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या वरवर असतात तिथे हात आवरता घ्यायचा. गाल दहा-बारा दिवस काळेनिळे झाले, ती सुट्टीत करून गेली होती म्हणून निभावलं. पट्टा तुटल्यावर खाली रक्त साचतं आणि त्या जागी हळूहळू नवीन ऊती बनतात, त्यामुळे पट्टा परत चिकटायला थोडा अडथळा येतो. थोडाच, पूर्ण नाही, म्हणून दीड-दोन महिन्यांनी पुन्हा केलं.

दुसऱ्या सबसिजननंतर तिने स्वतःच आरशात तिरका उजेड पाडून बघितलं आणि म्हणाली, "लेझर न लावता एवढं?" हो. रोलिंग खड्ड्यांचं निम्मं काम तिथेच झालं होतं.

आइसपिकसाठी टीसीए क्रॉस. टोकदार लाकडी काडीने ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड फक्त खड्ड्याच्या तळाला टेकवायचं, पांढरा ठिपका उठेपर्यंत. मूळ पद्धतीत 65 ते 100 टक्के वापरतात, सावळ्या त्वचेत मी खालच्या टोकाकडे राहते कारण ॲसिड काठावर सांडलं तर काळी रिंग पडते किंवा खड्डा उलट रुंद होतो. काडी जाड असली तरी तेच होतं. हे काम दिसायला अगदी किरकोळ, दहा मिनिटांचं, पण हात स्थिर पाहिजे.

मग लेझर

आता लेझरला करायला जे उरलं ते त्याच्या आवाक्यातलं होतं: उथळ बॉक्सकार, खड्ड्यांच्या कडा, एकूण खरखरीतपणा, आणि डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा. त्या रेषांबद्दल तिला आधीच स्पष्ट केलं की चेहरा शांत असतानाही दिसतात त्या बारीक रेषांवर लेझर चालतो, हसताना किंवा उन्हात डोळे बारीक करताना स्नायू आकसून पडतात त्यांवर नाही, त्यांना बोट्युलिनम टॉक्सिन (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) लागतं. तिच्या दोन्ही होत्या. ऊन चुकवायला गॉगल लावायला सांगितला तेव्हा हसली, पण मैदानावर डोळे बारीक करून उभं राहणं हे त्या रेषांचं निम्मं कारण होतं.

आधी कानामागे छोट्या जागेवर टेस्ट पॅच. तो सहा आठवडे बघितला, कारण वर म्हटलं तसं डाग उशिरा येतात, दोन आठवड्यांत बघून "काही झालं नाही" म्हणण्याला अर्थ नाही.

सेटिंग: घनता 5 ते 10 टक्क्यांच्या मध्ये, एकच पास, कानशिलांच्या बॉक्सकारवर एनर्जी थोडी जास्त, डोळ्यांखाली अगदी कमी कारण तिथली त्वचा पातळ आणि जास्त आवळली तर खालची पापणी बाहेर ओढली जाऊ शकते. हे आकडे वाचून कुणी आपल्या मशीनवर लावू नयेत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे मिलिज्यूल आणि टक्के एकमेकांशी जुळत नाहीत, रकान्याची रुंदी वेगळी असते. मान करा म्हणाली, नको म्हटलं. चेहऱ्याची जखम इतक्या पटकन भरते कारण तिथे केसांची मुळं आणि तेलग्रंथी भरपूर, त्यांच्यातूनच नवीन पेशी वर येतात. मानेला त्या कमी, म्हणून तिथे हाच लेझर व्रण देऊ शकतो, आणि पिंपलच्या खड्ड्यांसाठी आलेल्या बाईला मानेवर व्रण देऊन पाठवायचं म्हणजे कमालच.

सुन्न करणारी क्रीम तासभर, ती पुसून चेहरा पूर्ण कोरडा, कारण स्पिरिटचा ओलावा राहिला तर लेझरने पेट घेऊ शकतो, हा धोका पुस्तकातला नाही, खरा आहे. डोळ्यांत धातूच्या शील्ड, आम्हा सगळ्यांना गॉगल, धूर ओढणारं मशीन चालू, कारण तो धूर म्हणजे जळालेली त्वचा आहे आणि त्यात व्हायरसचे अंशही सापडलेत. प्रत्येक भाग झाला की थंड हवा आणि थोडा वेळ थांबून मग शेजारचा. घाई केली की उष्णता साचते आणि मग कमी घनतेचा फायदाच उरत नाही. नंतरचे दोन दिवस स्ट्राँग स्टेरॉइड मलम, होय, तेच स्टेरॉइड ज्याच्यामुळे चार महिने घालवले, पण दोन दिवस सूज आणि नंतरचे डाग कमी करायला आणि महिनोन्‌महिने गोरं व्हायला यात फरक आहे. त्यानंतर फक्त पेट्रोलियम जेली आणि सलाइनने हलकं पुसणं.

तिसऱ्या दिवशी फोन. चेहरा तांबूस-तपकिरी, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा. हे अपेक्षित, त्या बारीक खपल्या आहेत, पाच-सात दिवसांत स्वतःच झडतात, खरवडायच्या नाहीत. पाचव्या दिवशी पुन्हा फोटो आला, हनुवटीवर बारीक पांढऱ्या टोकाचे फोड. इथे फोटोवरून औषध सांगायचा मोह होतो, पण तिला बोलावलं, कारण या टप्प्यावर तीन गोष्टी सारख्या दिसू शकतात. जेलीमुळे छिद्रं बुजून आलेले पिंपल्स, बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, आणि हर्पिस. नव्या त्वचेवर हर्पिस नेहमीसारखे पाण्याचे फोड दाखवेलच असं नाही, वरचा थरच नसतो, नुसत्या छोट्या दुखऱ्या खळग्या दिसतात. मुख्य खूण दुखणं. बरं होत चाललेली त्वचा खाजते, ओढल्यासारखी होते, पण दुखायला लागली, किंवा आधी भरलेली जागा पुन्हा ओली झाली, तर त्याच दिवशी बघायला हवं. हिचं दुखत नव्हतं, कुठे खळगी नव्हती, गोळ्याही चुकवल्या नव्हत्या. जेली जाड थरात लावत होती एवढंच, भीतीपोटी. जेलीऐवजी हलकं मॉइश्चरायझर दिलं, आठवड्यात बसलं. घरी मात्र तिला सगळ्यांनी अँटिबायोटिक मलम लावायला सांगितलं होतं. निओमायसिनसारखी मलमं ताज्या त्वचेवर ॲलर्जी आणू शकतात आणि मग लालीवर लाली चढते, तर ते नाही लावलं हे बरं झालं.

चौथ्या आठवड्यात डाव्या गालावर फिकट तपकिरी सावली दिसायला लागली. यावेळी तिला अचंबा नव्हता, तारीख माहीत होती. जळजळ बसलीच होती म्हणून अझेलिक ॲसिड पुन्हा सुरू, सनस्क्रीनचं प्रमाण तपासलं (डावा गाल खिडकीकडे, बसमध्ये रोज त्याच बाजूला बसते, हे तिनेच शोधून काढलं), आणि दोन महिन्यांत सावली गेली. ती पूर्ण जाईपर्यंत पुढचं सेशन दिलं नाही. लोक 4 आठवड्यांनी बोलावतात, गोऱ्या त्वचेत चालत असेल, इथे माझं किमान अंतर 8 आठवडे आणि डाग असतील तर त्याहून जास्त.

लेझरच्या आधी काही आठवडे हायड्रोक्विनोन लावून ठेवलं की डाग पडतच नाहीत असं बरेच जण ठामपणे सांगतात, तिलाही कुणीतरी सांगितलं होतं. सीओटू रिसर्फेसिंगच्या आधी क्रीम लावून तपासलं गेलंय आणि फायदा दिसला नव्हता. कारणही समजण्यासारखं आहे, जखम भरते ती केसांच्या मुळातल्या पेशींनी, आणि वरून लावलेल्या क्रीमने शांत केलेल्या पेशी तर लेझरने उडून गेलेल्या असतात. मी ते देते फक्त आधीचे डाग घालवायला.

कुठे पोचलो

पहिल्या भेटीपासून सव्वा वर्ष झालं. गालांचे खड्डे ग्रेड 3 वरून 2, तिरक्या उजेडात अजून दिसतात, समोरून फारसे नाहीत. आइसपिकपैकी बहुतेक उथळ झाले, नाकाजवळचे तीन हट्टी आहेत. डोळ्यांच्या कडेच्या शांत रेषा पुसट, हसतानाच्या आहेत तशा. कानशिलांवर सगळ्यात कमी फरक, ग्रेड 4 चं 3 म्हणता येईल, तेही सगळीकडे नाही. जाळीसारखे ठिपके पूर्ण गेले, आणि खरं सांगायचं तर लोकांना दिसणारा फरक बहुतांश तोच आहे, कारण दुसऱ्याच्या नजरेला खोलीपेक्षा रंग आधी दिसतो.

हे सगळं मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे बारीक सुया टोचून त्यांच्यातून आत उष्णता देण्याने, झालं नसतं का, असं एका सहकाऱ्याने विचारलं. लेझरच्या टप्प्याला तो पर्याय होताच, त्यात उष्णता खोल जाते आणि वरचा थर बराचसा वाचतो म्हणून सावळ्या त्वचेत डागांची भीती कमी. बॉक्सकारच्या उभ्या कडा घासून कमी करायच्या होत्या म्हणून मी सीओटू निवडला, हिला सगळे रोलिंगच असते तर कदाचित तिकडे गेले असते. सबसिजनला मात्र दोन्हीपैकी कशाचाच पर्याय नव्हता.

आता ती विचारते दरवर्षी एक सेशन "मेंटेनन्स" म्हणून घ्यावं का. गरज नाही. बनलेलं कोलॅजन उन्हापासून सांभाळलं तर राहतं, रात्री ट्रेटिनॉइन क्रीम चालू आहे, तेवढं पुरे. कानशिलांवरच्या दोन सगळ्यात खोल बॉक्सकारसाठी पंचने, म्हणजे गोल कापणाऱ्या बारीक हत्याराने, कापून टाका घालता येतो, खड्ड्याच्या जागी बारीक रेष राहते, हे दाखवल्यावर ती म्हणाली, "राहू द्या, केसांत झाकतात." मला पटलं. फाइल मात्र अजून बंद नाही, शेवटच्या लेझरला वर्ष व्हायचंय आणि उशिरा येणारा पांढरेपणा 6 ते 12 महिन्यांत कधीही दिसू शकतो, म्हणून कानशिलांचे तिरक्या उजेडातले आणि समोरचे असे दोन्ही फोटो काढायला तिला पुन्हा बोलावलंय.